अंडी किती मावतात हे शेवटी विचारा: उबवणी यंत्राविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागांतून आलेली बहुतेक पत्रं उबवणी यंत्राबद्दल आहेत. बाजारात मिळणारी जवळजवळ सगळी यंत्रं कोंबडीच्या अंड्यासाठी बनवलेली असतात आणि कॉकाटील, लव्हबर्ड यांसारख्या छोट्या पोपटांसाठी, म्हणजे पिंजऱ्यातल्या पाखरांसाठी घेताना तिथेच फसगत होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: माझ्याकडे कॉकाटीलच्या चार आणि लव्हबर्डच्या तीन जोड्या आहेत. कॉकाटीलची एक मादी दरवेळी चार-पाच दिवस अंड्यांवर बसते आणि मग घरट्याचा डबा सोडून देते. कोल्हापुरात एका दुकानात ५६ अंड्यांचं ऑटोमॅटिक यंत्र दाखवलं. इथे निपाणीत एकजण थर्मोकोलच्या पेटीत बनवलेलं यंत्र अर्ध्या किमतीत देतो. कोणतं घ्यावं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: सात जोड्यांपैकी एकच मादी अंडी सोडते आहे, म्हणजे सगळ्यांची अंडी यंत्रात घालण्याचं काहीच कारण नाही. आईबापांनी भरवलेलं पिल्लू पहिल्या आठवड्यात जसं झपाट्याने वाढतं तसं हाताने भरवलेलं वाढत नाही. आधी त्या मादीचा डबा रात्री टॉर्च घेऊन पाहा. भुशात बारीक लाल किडे, झुरळं किंवा उंदराच्या लेंड्या दिसल्या तर मादी का उठते ते तिथेच कळेल. दुसरा मार्ग म्हणजे दोन-तीन दिवसांच्या फरकाने अंडी घातलेल्या दुसऱ्या कॉकाटीलच्या जोडीखाली ही अंडी सरकवणं. मऊ पेन्सिलीने खूण करा, पेनाने नको. आणि एका जोडीखाली पाच-सहापेक्षा जास्त अंडी करू नका, कडेची अंडी थंड पडतात.

एवढं करूनही यंत्र हवंच असेल, तर पुढच्या गोष्टी या क्रमाने तपासा. अंडी किती मावतात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

पहिली गोष्ट ट्रे. ‘५६ अंडी’ म्हणजे कोंबडीची, पन्नास-साठ ग्रॅमची. कॉकाटीलचं अंडं पाच ते सहा ग्रॅमचं, अडीच सेंटिमीटर लांब. लव्हबर्डचं त्याहून लहान, साडेतीन-चार ग्रॅमचं. कोंबडीच्या खाचेत हे अंडं आडवं पडतं आणि ट्रे कलला की कडेवर आपटतं. कवचाला केसाएवढी चीर गेली तरी अंडं वाळून जातं. दांड्यांवर अंडी लोळवणारा ट्रे असेल तर दांड्यांमधलं अंतर पाहा. ते कमी-जास्त करता येत नसेल तर लव्हबर्डचं अंडं मधून खाली जाईल. दुकानदारासमोर एक चाचणी करा. घरचं फुसकं, म्हणजे न फळलेलं अंडं सोबत न्या, एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढा, यंत्राला एक फेरी फिरवू द्या. फुली वर होती ती जागा सोडून गोलाकडे नीट वळली पाहिजे. नुसतं हललं आणि घसरून परत जागेवर आलं तर तो ट्रे पाखरांच्या अंड्यांना निरुपयोगी.

अंडं फिरवायचं कशासाठी, तर सुरुवातीच्या दिवसांत गर्भ आतल्या पडद्याला चिकटू नये आणि रक्तवाहिन्यांचं जाळं सगळीकडे पसरावं म्हणून. यंत्र तासा-दोन तासांनी फिरवतं ते उत्तम. हाताने फिरवणार असाल तर दिवसाला कमीत कमी पाच वेळा, आणि आकडा विषमच ठेवा, म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज एकाच अंगावर जात नाही.

दुसरी गोष्ट पंखा. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर तरंगते आणि तळाशी थंड राहते, म्हणून तिथे तापमान अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर मोजून ३८.३ ते ३८.८ अंश ठेवावं लागतं. पण कॉकाटील आणि लव्हबर्ड यांच्या अंड्यांची उंचीच वेगळी, म्हणजे एकाच पेटीत दोघांना वेगळं तापमान मिळणार. पंखा असला की हवा सगळीकडे सारखी होते आणि ३७.२ अंश धरून चालता येतं. तुमच्याकडे दोन जाती आहेत, तेव्हा पंख्याशिवायचं यंत्र घेऊच नका. तो पंखा कॉम्प्युटरमधला साधा १२ व्होल्टचा असेल तर बरं, एक जादा आणून ठेवता येतो. उष्णतेत त्याचं वंगण वाळतं आणि तो आधी आवाज करतो, मग थांबतो.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारा भाग, आणि सगळ्या कोपऱ्यांतली उष्णता. पडद्यावर ३७.५ दिसतं ते फक्त सेन्सर जिथे लावलाय तिथलं. यंत्र घरी आणल्यावर रिकामंच दोन दिवस चालवा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच वेळा तापमान घ्या. फरक अर्ध्या अंशाच्या आत असेल तर यंत्र चांगलं. एक अंशाहून जास्त असेल तर परत करा. अशा यंत्रात एका कोपऱ्यातली पिल्लं आधी येतात आणि दुसऱ्यातली मरतात. पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे तपासायला तापाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. पेल्यात कोमट पाणी घ्या, साधारण ३८ अंशांचं, त्यात थर्मामीटर आणि यंत्राचा सेन्सर शेजारी-शेजारी बुडवा (सेन्सर पाण्यात चालणारा असेल तरच) आणि फरक लिहून ठेवा.

पेटी कशाची हे चौथं. थर्मोकोल उष्णता छान धरतं, पण त्याच्या दाण्यांच्या फटीत फुटलेल्या अंड्याचा बलक आणि पिसांचा कोंडा बसतो आणि तो निघत नाही. दोन-तीन उबवणीनंतर ती पेटी जंतूंचं घर होते. घ्यायचीच असेल तर आतून पुसता येईल असा प्लॅस्टिकचा पत्रा लावून घ्या. प्लायवूडची पेटी पावसाळ्यात फुगते. घडवलेल्या प्लॅस्टिकची पेटी धुवायला सगळ्यात सोपी.

आता तुमच्यासाठी स्पष्ट सल्ला. ५६ चं यंत्र तुम्हाला फार मोठं आहे. कोंबडीच्या १२ ते २४ अंड्यांचं, पंख्याचं, कमी-जास्त होणाऱ्या दांड्यांचं एक यंत्र घ्या, आणि वाचलेल्या पैशांत निपाणीतली ती थर्मोकोलची छोटी पेटी, आतून प्लॅस्टिकचा पत्रा लावून, पिल्लं फुटण्यासाठी वेगळी ठेवा. कारण असं की कॉकाटील एक दिवसाआड अंडं घालते, म्हणून पिल्लंही पुढेमागे येतात. पहिल्या पिल्लाला फुटताना ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, तर शेवटच्या अंड्याला अजून आठवडाभर ४५ टक्केच हवी असते. एका पेटीत या दोन्ही गोष्टी होत नाहीत. पिल्लांची पेटी रोज धुवायची असल्याने ती साधी असलेलीच बरी.

प्रश्न: माझं यंत्र पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे चालवतो, पाण्याची पन्हाळ भरलेली असते. तरी जुलै-ऑगस्टमध्ये लव्हबर्डची पिल्लं पूर्ण वाढून अंड्यातच मरतात. फोडून पाहिलं तर आत ओलं, चिकट असतं. उन्हाळ्यात असं झालं नव्हतं. (एक वाचक, खानापूर)

उत्तर: ती पन्हाळच पिल्लांना बुडवते आहे. अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जायला हवं, म्हणजे बोथट टोकाला हवेचा कप्पा मोठा होतो आणि पिल्लू फुटण्याआधी त्यात चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी उडालंच नाही तर कप्पा लहान राहतो, पिल्लू फुगलेलं राहतं, त्याला वळायला जागा नसते. ओलं, चिकट पिल्लू ही त्याचीच खूण.

खानापुरात जुलैमध्ये खोलीत २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असणं काही विशेष नाही. तीच हवा यंत्रात जाऊन ३७.२ अंशाला तापली की तिची आर्द्रता, पाण्याचा एक थेंबही न घालता, ४२ टक्क्यांच्या आसपास येते. पोपटवर्गीय पाखरांच्या अंड्याला ४० ते ५० टक्केच लागते. म्हणजे पावसाळ्यात तुमचं काम आभाळच करतंय. पन्हाळ कोरडी ठेवा, हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवा आणि पाणी फक्त शेवटच्या दोन-तीन दिवसांत घाला. खोलीत शेगडी किंवा बल्ब लावून ती ‘सुकवण्याचा’ प्रयत्न करू नका. हवा गरम झाली तरी तिच्यातलं बाष्प तेवढंच राहतं आणि यंत्रात गेल्यावर आकडा तोच येतो. एवढ्यानेही आर्द्रता पन्नासच्या वर राहिली तर जाळीच्या पुडीत निळी सिलिका जेल ट्रेखाली ठेवा, रंग गुलाबी झाला की बाहेर काढून तापवून परत वापरा.

पण आर्द्रतेच्या काट्यापेक्षा खरा हिशेब वजनाचा. शून्य दशांश शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा सोनारी काटा घ्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे आंधळा आहे. अंडं फुटायला सुरुवात होईपर्यंत मूळ वजनाच्या १३ ते १६ टक्के घटलं पाहिजे. लव्हबर्डचं ३.६० ग्रॅमचं अंडं धरा. १५ टक्के म्हणजे ०.५४ ग्रॅम. पिल्लू आतून चोचीने कवचाला टोचा मारेपर्यंत साधारण २० दिवस जातात, म्हणजे दिवसाला ०.०२७ ग्रॅम. चौथ्या दिवशी काट्यावर ३.४९, आठव्या दिवशी ३.३८, बाराव्या दिवशी ३.२८ दिसायला हवं. आठव्या दिवशी ३.४७ दिसलं तर ओल जास्त आहे, पाणी काढा. ३.२८ दिसलं तर सुकतंय, पाण्याचं भांडं ठेवा. अंडं घातल्याच्या दिवशीचं वजन मात्र टिपलेलं हवं, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडणार?

आर्द्रतेचा काटा खरा आहे का हे पाहण्याचा घरगुती उपाय आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात इतकंच पाणी घाला की ओली वाळू वाटेल. ते झाकण आणि काटा एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ दाखवायला हवा. ८१ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यातून सहा वजा करत चला.

प्रश्न: आमच्याकडे उलट. मार्च-एप्रिलमध्ये यंत्राचा आकडा आपोआप ३९ वर जातो, हीटर बंद असला तरी. आणि पाणी कितीही भरलं तरी आर्द्रता २५ च्या वर जात नाही. (एक वाचक, अथणी)

उत्तर: उबवणी यंत्र गरम करू शकतं, थंड करू शकत नाही. पंख्याची मोटार आणि अंड्यांतले गर्भही थोडी उष्णता देतात. खोली ३६-३७ ला गेली की आतलं तापमान वर जाणारच, आणि गर्भाला थंडीपेक्षा उष्णता फार लवकर मारते. यंत्र पत्र्याच्या शेडमधून काढून घरातल्या मधल्या, मातीच्या किंवा दगडी भिंतीच्या खोलीत जमिनीवर ठेवा. खोली ३० च्या आत राहत नसेल तर त्या दिवसांत उबवणी न करणं हेच शहाणपण. जोड्यांचे डबे काढून त्यांना विश्रांती द्या, माद्यांनाही ते हवंच असतं.

पाण्याबद्दल: आर्द्रता पाणी किती खोल आहे यावर नाही, उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. काठोकाठ भरलेल्या तांब्यापेक्षा ताटलीतलं अर्धा सेंटिमीटर पाणी जास्त बाष्प देतं. पाण्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवा. तो दर दोन-तीन दिवसांनी उकळून घ्या, ओल्या स्पंजमध्ये बुरशी फार लवकर धरते.

प्रश्न: गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही, रात्री व्होल्टेजही उतरतं. किती मोठा इन्व्हर्टर लागेल? वीज गेली तर अंडी मरतात का? (एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर: आधी यंत्र खरोखर किती वीज खातं ते मोजा. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं. पेटीवर ८० वॅट लिहिलेलं असलं तरी हीटर सारखा चालू नसतो. थर्मोकोल चांगलं असेल तर सरासरी निम्म्यापर्यंत येते. सरासरी ४० वॅट धरा. घरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची बॅटरी असेल तर तिच्यात कागदावर १८०० वॅट-अवर असतात, त्यातले हजार-बाराशे वापरण्याजोगे समजा. बाकी काही न लावता यंत्र चोवीस तास सहज चालेल. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर. त्यातून तासभराची आशा धरा, त्याहून जास्त नको. १२ व्होल्टवर थेट चालणारं यंत्र मिळत असेल तर या भागासाठी तेच पहिलं निवडा.

व्होल्टेज उतरण्याकडे लोक लक्ष देत नाहीत. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० च्या जागी १८० मिळालं की हीटर जेमतेम ६१ टक्के उष्णता देतो. डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे यंत्र ३६ वर अडकून बसतं ते यामुळेच, आणि माणसं थर्मोस्टॅटला दोष देतात. स्टॅबिलायझर लावा.

वीज गेली तर झाकण उघडू नका. यंत्रावर गोधडी टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा, विशेषतः शेवटच्या आठवड्यात, कारण तेव्हा पिल्लाला हवा जास्त लागते. पेटीत जागा असेल तर पाण्याच्या दोन-तीन बंद बाटल्या कायम ठेवा. त्या तापलेल्या असतात आणि वीज गेल्यावर उष्णता परत देतात. मादीही दाणापाण्यासाठी अंड्यांवरून उठतेच, थोडा वेळ गार पडल्याने गर्भ मरत नाही, फुटायला फक्त उशीर होतो. वीज आल्यावर ‘भरून काढायला’ म्हणून तापमान चढवू नका. अंडी मरतात ती त्याने.

प्रश्न: ‘डब्ल्यू १२०९’ थर्मोस्टॅट आणि ६० वॅटचा बल्ब लावून घरीच पेटी केली आहे. ३७.५ लावलंय. पिल्लं निघतात पण बेंबी उघडी, पोट फुगलेलं, काहींचे पाय दोन्हीकडे फाकलेले. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: या थर्मोस्टॅटमध्ये ‘पी १’ नावाची सेटिंग असते. बंद झालेला हीटर किती अंश उतरल्यावर परत चालू करायचा, ते ती ठरवते. कंपनीतून ती २ वर येते. म्हणजे तुमचा बल्ब ३७.५ ला बंद होतो आणि ३५.५ ला परत लागतो. ती ०.१ किंवा ०.२ वर आणा. ‘पी ४’ मध्ये सेन्सरची चूक सुधारता येते. वर सांगितलेली कोमट पाण्याची चाचणी करून तिथे फरक भरा.

एक ६० वॅटचा बल्ब लहान पेटीत बंद झाल्यावरही आपली उष्णता सोडत राहतो आणि तापमान उडी मारतं. त्याऐवजी २५-२५ वॅटचे दोन बल्ब समांतर लावा. एक उडाला तरी दुसरा पेटी पूर्ण थंड होऊ देत नाही. बल्बसमोर पत्र्याचा आडोसा ठेवा, प्रकाश आणि थेट धग अंड्यावर येऊ देऊ नका. सेन्सर अंड्यांच्या पातळीवर, पण अंड्याला न चिकटता टांगा.

उघडी बेंबी आणि पोटात राहिलेला बलक ही जास्त उष्णतेची लक्षणं. पिल्लं एक-दोन दिवस लवकर निघत असतील तर नक्की समजा. उशिरा निघाली, सुस्त आणि फुगीर असतील तर उष्णता कमी पडते आहे. फाकलेले पाय बहुतेक वेळा गुळगुळीत तळामुळे होतात. पिल्लं फुटण्याच्या पेटीत रबराची जाळी किंवा खडबडीत कापड घाला, वर्तमानपत्र नको.

शेवटी एक सुरक्षेची बाब, ती टाळू नका. या थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा खटका, हजारो वेळा चालू-बंद होऊन कधीतरी चिकटतो, आणि चिकटला की बल्ब बंदच होत नाही. त्याच तारेत, ओळीने, दुसरा थर्मोस्टॅट ३८.३ वर लावा. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडेल. खर्च थोडा आहे, सगळी अंडी त्यावर वाचतात.

प्रश्न: कॉकाटील, फिंच आणि गावठी कोंबडीची अंडी एकत्र ठेवली तर चालतील का? किती दिवस लागतात? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर: कोंबडीची अंडी वेगळी ठेवा. त्यांच्या कवचावर घाण असते, त्यातले जंतू बारीक अंड्यांना झेपत नाहीत, आणि त्यांना आर्द्रताही थोडी जास्त लागते. गावठी अंड्यांना खुडूक कोंबडीच बरी.

दिवस असे धरा: झेब्रा फिंच १२ ते १४, बजरी (छोटा पाळीव पोपट) १८, कबूतर १७-१८, कॉकाटील १८ ते २१, लव्हबर्ड २२-२३, सन कॉन्युर २३-२४, जपानी लाव्ही १७-१८, कोंबडी २१. फिंचची अंडी यंत्रात घालण्याच्या भानगडीत पडू नका. नखाएवढं ते पिल्लू हाताने भरवून जगवणं जवळजवळ अशक्य आहे. दुसऱ्या जोडीखाली सरकवा. बजरीचंही तेच, घरट्याच्या मडक्यांची संख्या जोड्यांपेक्षा जास्त ठेवा म्हणजे भांडणं कमी होतात आणि अंडी फुटत नाहीत.

प्रश्न: पिल्लू टोचा मारून दीड दिवस झाला, कवच फोडून काढू का? आणि बाहेर आल्यावर काय भरवायचं? (एक वाचक, हुक्केरी)

उत्तर: घाई करू नका. कॉकाटीलच्या पिल्लाला पहिल्या टोच्यापासून बाहेर यायला २४ ते ४८ तास लागू शकतात. त्या वेळात ते बलक पोटात ओढून घेत असतं आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. लवकर फोडलंत तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. टॉर्चवर पाहा: आत हालचाल आणि चिवचिव असेल तर फक्त आर्द्रता ७० पर्यंत ठेवा. ३६ तासांनंतरही भोक तेवढंच असेल आणि पडदा पांढरा, कोरडा पडला असेल, तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने भोकाची कड ओली करा आणि टोपणाएवढा भाग कणाकणाने काढा. रक्ताचा ठिपका दिसला की थांबा, अंडं परत आत.

बाहेर आल्यावर पिल्लू अंग सुकेपर्यंत यंत्रातच राहू द्या. मग ३६ ते ३६.५ अंशाच्या पेटीत. पहिले सहा-आठ तास काही देऊ नका, पोटात बलक असतो. नंतर पोपटवर्गीय पिल्लांसाठी मिळणारं तयार पीठ, पहिले दोन दिवस दुधाइतकं पातळ करून द्या. चार-पाच ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी ०.३ ते ०.५ मिलिलिटर, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. भरवणीचं तापमान ३९ ते ४०.५ अंश हवं. ४३ च्या वर गेलं तर गळ्याजवळची खाऊची पिशवी भाजते आणि तिला नंतर भोक पडतं. थंड दिलं तर पीठ त्या पिशवीतच आंबतं. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, मधला भाग कळत नाही इतका तापतो. गाईचं दूध तर अजिबात नको, पाखरांना दुधातली साखर पचत नाही.

रोज सकाळी पहिल्या भरवणीआधी वजन करा. वजन एक दिवस वाढलं नाही तर तापमान आणि पिठाचा दाटपणा तपासा; दोन दिवस वाढलं नाही तर पशुवैद्याकडे न्या. रात्री दोनला आणि चारला उठणं ज्यांच्या घरात शक्य नाही त्यांनी पहिल्या दिवसाचं पिल्लू हाताने वाढवायला घेऊच नये. यंत्र विकत घेण्याआधी घरात बसून ठरवायची गोष्ट ही आहे.

प्रश्न: सोयाबीनच्या शेतात भांगलताना मोराची पाच अंडी सापडली. मादी उडून गेली. यंत्रात उबवून पिल्लं परत सोडता येतील का? मित्राकडे सन कॉन्युर आहेत, त्यांना परवाना लागतो का? (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर: मोराची अंडी उचलू नका. मोर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि रानपाखरांची अंडी उचलणं किंवा घरटं विस्कटणं या कायद्याने शिकारीतच मोडतं. सोडण्याचा हेतू चांगला असला तरी फरक पडत नाही. घरट्याभोवती पाच-सहा फुटांचा पट्टा न भांगलता सोडा, माणसं बाजूला झाली की लांडोर बहुधा परत येते. कुत्र्यांचा त्रास असेल तर वनखात्याला कळवा. हाच नियम आपल्या रानातल्या हिरव्या पोपटांना आणि मुनियांना. त्यांची अंडी यंत्रात घालणं तर सोडाच, ती पाखरं पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा आहे.

सन कॉन्युर परदेशी असली तरी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स (CITES) कराराच्या यादीत आहे. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्याप्रमाणे अशा पाखरांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि पिल्लं जन्मली, मेली किंवा दुसऱ्याला दिली तर तेही कळवावं लागतं. बजरी, कॉकाटील आणि पीचफेस लव्हबर्ड या यादीतून वगळलेल्या आहेत. जावा फिंच मात्र यादीत आहे, आणि ती घरोघरी असूनही हे फार थोड्यांना माहीत असतं. मित्राला सांगा, अंडी यंत्रात घालायच्या आधी जोडीची नोंद करून घ्या. जोडीची नोंद नसेल तर पिल्लांची नोंद कशाच्या आधारावर करणार, हा प्रश्न उभा राहतो.